चिकलठाण्याचं हवामान भिंतीवर: मेटारची पाटी आणि गच्चीवरचं वारामापक, कामाच्या नोंदी

माझं पंखे-मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घर छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत, चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीच्या पश्चिमेला. पुतणी दहावीत. तिने एकदा विचारलं, "काका, विमान कधी आपल्या डोक्यावरून उडतं, तर कधी डोक्यावरून उतरतं. असं का?" वाऱ्यामुळे, एवढंच मला सांगता आलं. त्यातून ठरलं की विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, दाखवणारी पाटी करायची, गच्चीवर आपलं यंत्र लावायचं आणि दोन्ही ताडून बघायचे. कुणी हेच करायला घेतलं तर माझे गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत, म्हणून या नोंदी ठेवल्या. ही भिंतीवरची पाटी आहे. उड्डाणाचा कुठलाही निर्णय हिच्यावर घ्यायचा नाही, ड्रोनचासुद्धा नाही.

२७ एप्रिल

सामान आलं. ईएसपी३२ बोर्ड (नेटला जोडता येणारा छोटा संगणक) ४५० रुपये, साडेतीन इंची पडदा ७५०, दाब-तापमान-आर्द्रता तिन्ही मोजणारा बीएमई२८० सेन्सर ३८०. पडदा एका संध्याकाळी चालू झाला. सेन्सर मात्र आर्द्रता शून्यच दाखवतो.

२८ एप्रिल

चिपचा ओळख क्रमांक वाचला. बीएमई असेल तर हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ६० यायला हवा, आला ५८. म्हणजे हा बीएमपी२८०, त्याला आर्द्रता मोजताच येत नाही. पाकिटावर बीएमई, बिलावर बीएमई, आत बीएमपी. विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही. सोल्डर करण्याआधी क्रमांक वाचला असता तर परत तरी करता आला असता. आर्द्रतेसाठी एसएचटी३१ मागवला, ३२० रुपये.

३० एप्रिल

आज पहिली ओळ मिळाली. अमेरिकेच्या हवामान खात्याचं विमान-हवामान केंद्र जगभरच्या विमानतळांचे मेटार फुकट देतं, चार अक्षरी कोड दिला की झालं. आपला कोड व्हीएएयू. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी कोडमधले ए-यू राहिलेत. ओळ मुळात रोमन अक्षरांत असते, इथे देवनागरीत उतरवतो:

व्हीएएयू ३००३३०झेड २७००६केटी ५००० एचझेड एनएससी ३३/१४ क्यू१००९ नोसिग

तारीख ३०, वेळ ०३:३०. वारा २७० अंशांवरून, ६ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर). दृश्यता ५,००० मीटर, धुरकट. दखल घ्यावी असे ढग नाहीत. तापमान ३३, दवबिंदू १४. दाब १००९ हेक्टोपास्कल. पुढच्या दोन तासांत मोठा बदल अपेक्षित नाही.

पुतणीने पहिलाच प्रश्न अडचणीचा काढला: "पहाटे साडेतीनला तेहतीस डिग्री?" झेड म्हणजे जागतिक वेळ, आपली वेळ साडेपाच तास पुढे. ही नोंद सकाळी नऊची होती.

२ मे

साडेपाच तास मिळवूनही पाटी अर्धा तास मागेच. दोन दिवस वाटत राहिलं की अहवालच उशिरा येतो. चूक माझी होती. फरक ५.५ लिहिला, पण ज्या खणात ठेवला तो पूर्णांकाचा, त्याने .५ गिळून टाकला. आता ३३० मिनिटं मिळवतो.

त्याच्या पाठोपाठ दुसरी चूक सापडली. रात्री साडेबारानंतर पाटीवर आदल्या दिवशीची तारीख दिसत होती, कारण तास बदलले तरी तारखेला मी हातच लावला नव्हता. १९:०० झेडची नोंद आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची ००:३० होते. शिवाय नोंद दीड तासापेक्षा जुनी झाली की आता पाटीवर लाल ठिपका येतो. नेट गेल्यावर सकाळचाच वारा दिवसभर दाखवत बसली होती, तेव्हा हे सुचलं.

६ मे

मुंबईच्या ओळीवर पाटी चालवून बघितली. दृश्यता ३,००० मीटर दाखवली आणि ओळीत तर स्वच्छ ६००० लिहिलेलं. ओळीच्या शेवटी टेम्पो ३००० असं होतं, म्हणजे मध्येच काही वेळ तसं होऊ शकेल असा अंदाज. माझा प्रोग्राम चार अंकी आकडा दिसला की उचलायचा आणि शेवटचा ठेवायचा. आता टेम्पो किंवा बेकमिंग (पुढे होऊ घातलेला बदल) शब्द आला की वाचन तिथेच थांबतं. ९९९९ हा आकडाही जसाच्या तसा छापत होतो. त्याचा अर्थ दहा किलोमीटर किंवा जास्त.

९ मे

दाबाने घोळ घातला. गच्चीवरचा सेन्सर ९३७ दाखवतो आणि मेटार म्हणतो १००४. सदुसष्टचा फरक! एकदा फसवलेला सेन्सर, त्यामुळे हाही डाग असणार असं धरून चाललो. दुसरा मागवला. तो येईपर्यंत पहिल्याला हेअर ड्रायर लावून पाहिला, डब्यात ठेवून पाहिला, तारा बदलल्या.

१७ मे

नवा सेन्सर आला. तो दाखवतो ९३७.

आठ दिवस वाया. जालन्याचा एक मित्र पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आहे. त्याला फोन केला तर तो हसतच सुटला. "अरे, तू समुद्रावर राहतोस का?" मेटारमधला क्यू हा आकडा क्यूएनएच असतो, म्हणजे इथला दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला. वैमानिक तो उंचीमापकात भरतो, मग विमान धावपट्टीवर उभं असताना काटा धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. चिकलठाण्याची ती उंची १,९११ फूट, म्हणजे ५८२ मीटर. या उंचीवर प्रत्यक्ष दाब क्यूएनएचच्या साधारण ०.९३३ पट भरतो. १००४ गुणिले ०.९३३, आलं ९३७. पहिला सेन्सर पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता.

हिशोबात आपल्या गच्चीची उंची घालायची, विमानतळाची नाही. नऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल पडतो, म्हणजे तीन मजल्यांचाही फरक दिसतो. दुरुस्ती केल्यावरही माझा आकडा बहुतेक वेळा अर्ध्याने जास्तच येत होता. मेटारमध्ये दाब खालच्या पूर्णांकावर आणतात. १००५.८ असेल तरी १००५ लिहितात. त्यामुळे तो अर्धा तसाच सोडून दिला.

एक गंमत. दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास तीनेकने उतरतो, रात्री दहाला परत चढतो. सेन्सर तापून भरकटतोय असं वाटलं होतं. मेटारचे आकडे शेजारी मांडले तर तिथेही तीच लाट. आपल्या पट्ट्यात हवा रोजच अशी श्वास घेते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

२० मे

वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं तयार आहे. खाली एएस५६०० चुंबकीय सेन्सर, १९० रुपये. जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं तर पातं फिरलं तरी आकडा जागचा हलेना. याला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं चुंबक लागतं, म्हणजे चकतीची एक अर्धी बाजू उत्तर, दुसरी दक्षिण. ते सेन्सरबरोबरच आलं होतं. पाकिटाच्या कोपऱ्यात चिकटलेलं, मी कचऱ्यात टाकलेलं. कचऱ्यातून काढलं.

आता पात्याला खरी उत्तर दाखवायची. मोबाइलचं होकायंत्र पाण्याच्या टाकीजवळ एक उत्तर दाखवतं आणि जिन्याजवळ दुसरीच, दोघांत वीस अंशांचं अंतर. स्लॅबमधल्या सळ्यांचा प्रताप. मग म्हटलं जुनी रीत: काठी उभी करायची आणि मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली धरायची. ती नेमकी उत्तर-दक्षिण पडते. उन्हात खडू घेऊन बसलो. आईने खालून हाक मारली, "काय करायलास रे उन्हात?" सावली आखूड होत होत काठीच्या बुडात शिरली आणि बसली तिथेच. आमच्या अक्षांशावर मेच्या वीस तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. वर्षातून दोनदा ही रीत चालत नाही, त्यातला एक मुहूर्त मी गाठला.

२१ मे, रात्र

ध्रुवतारा धरला. क्षितिजापासून वीस अंश वर, आपल्या अक्षांशाइतकाच. पुतणी ओळंबा धरून उभी, मी मागून दोरी आणि तारा एका रेषेत आणले, कठड्यावर दोन खुणा केल्या. दहा मिनिटांचं काम. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्या आतला, त्यामुळे तो हिशोब सोडून दिला. मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि धावपट्टीचे आकडे चुंबकीय उत्तरेपासून, हे मात्र माहीत असू द्यावं.

२४ मे

वेगाचं चक्र. हे माझ्याच धंद्यातलं काम म्हणून सोपं वाटलं, आणि तिथेच आपटलो. प्लास्टिकचे दोन चेंडू अर्धे कापले, त्यातले तीन कप सात सेंटिमीटरच्या दांड्यांवर बसवले, खाली सीलिंग फॅनचं ६२०२ बेअरिंग. झाडाची पानं हलतायत आणि चक्र ढिम्म. नव्या बेअरिंगमधलं ग्रीस पंख्याच्या वजनाला ठीक आहे, चेंडूच्या कपांना ते भारी. पेट्रोलने धुऊन काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. आता फुंकर मारली तरी फिरतं. पावसात गंजेल म्हणून वर बाटलीच्या झाकणाची टोपी.

दुसरी चूक गणिताची. कप वाऱ्याच्याच वेगाने फिरतात असं धरून परिघावरून वेग काढला. आकडे हास्यास्पद कमी.

२६ मे, रविवार

पहाटे साडेपाचला शेंद्र्याच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकलवर चाचणी घेतली. भाऊ गाडी चालवतो, मागे मी पाइप उंच धरून. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघितला, कारण गाडीचा काटा जास्त दाखवतो. २०, ३० आणि ४०, प्रत्येक वेगाने जाताना एकदा, येताना एकदा. दोन्हींची सरासरी घेतली की असलेला वारा वजा होतो. सेकंदाला एक फेरा म्हणजे तासाला ४.४ किलोमीटर असं आलं. माझ्या परिघाच्या हिशोबाने हेच १.६ येत होतं. मेटारशी ताडायला १.८५२ ने भागायचं, की नॉट मिळाले. पाइप घेऊन सुसाट जाणारा माणूस बघून दूधवाला थांबून राहिला होता.

२८ मे

पाटीवरचा बाण दक्षिण दाखवतो आणि तोंडावर वारा उत्तरेचा. एकदा ३५० अंश, एकदा १० अंश, यांची सरासरी मी काढत होतो १८०. दिशांची बेरीज अशी होत नाही. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन वेगळा जमवायचा, शेवटी त्यावरून कोन काढायचा. ओळी चारच वाढल्या.

सरासरीही तीन सेकंदांची घेत होतो. मेटारमधला वारा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. दहा मिनिटांवर नेल्यावर आकडे शेजारी बसू लागले. तरीही माझा वारा विमानतळाच्या निम्म्याहून थोडाच जास्त येतो. तिथे मोकळ्या मैदानात दहा मीटर उंचीवर मोजतात आणि इथे चारही बाजूंना टाक्या, जिने, मोबाइलचे खांब. हा फरक गुणाकार करून लपवायचा नाही असं ठरवलं.

१ जून

तापमान ४९ दाखवलं, मेटारमध्ये ४१. सेन्सर पत्र्याच्या डबीत ठेवला होता, त्यामुळे हवेच्या ऐवजी डबी मोजली गेली. कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा बश्या उलट्या एकावर एक रचल्या, मध्ये बोटभर फट, सेन्सर आत. दुसऱ्या दिवसापासून फरक एक-दीड अंशाचा. एवढा चालतो.

४ जून

धावपट्टीची माहिती पाटीवर घातली: ०९/२७, लांबी २,८३५ मीटर. आकडे म्हणजे दिशा, शेवटचं शून्य काढून. ०९ वरून धावलं तर तोंड पूर्वेला, जालन्याकडे, २७ वरून धावलं तर पश्चिमेला, आमच्याकडे. एकाच डांबराची ही दोन नावं आहेत, हे पुतणीला पटायला वेळ लागला.

सोबत एक ओळ वाढवली, घनता-उंची. उन्हाने हवा पातळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला लांब धावावं लागतं. क्यूएनएच १००४ आणि तापमान ४२ धरलं तर: प्रमाण दाब १०१३, त्यापेक्षा ९ कमी, दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणून १,९११ चे झाले साधारण २,१८०. त्या उंचीला प्रमाण तापमान साडेदहाच्या आसपास. वरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट. बेरीज ५,९०० च्या पुढे जाते. जमीन १,९११ फुटांवर आणि विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहोत.

हे लिहिताना २६ एप्रिल १९९३ आठवलाच. भर दुपारी इथून उडालेलं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण गेले. त्या वेळी धावपट्टीही आजच्यापेक्षा बरीच आखूड होती. तेव्हा मी शिकाऊ होतो, दुकान बंद करून सगळे तिकडे धावले होते.

८ जून

संध्याकाळी वळीव. पावणेसहाला मेटारच्या जागी स्पेसी आला. मोठा बदल झाला की वेळेची वाट न बघता सोडतात तो खास अहवाल. त्यात गडगडाट, सीबी म्हणजे गडगडाटी पावसाचे उंच ढग, वाऱ्याच्या आकड्यापुढे जी लावून झोताचा वेग. माझा प्रोग्राम ओळीच्या सुरुवातीला मेटार हा शब्दच शोधायचा, स्पेसी आला तेव्हा गप्प. म्हणजे जी नोंद सर्वांत महत्त्वाची, नेमकी तीच पाटीने टाकून दिली.

तोवर गच्चीवर एक कप उडून शेजारच्या अंगणात गेला, विजेच्या कडाडात अ‍ॅडॉप्टर गेला, १८० रुपये. कप नुसते फेव्हिक्विकने चिकटवले होते. आता दांडीत भोक पाडून स्क्रू मारलेत.

१५ जून

आता मूळ प्रश्न, कुठली बाजू चालू आहे. विमान समोरून येणाऱ्या वाऱ्यात उतरतं आणि उडतं. म्हणून वाऱ्याचा धावपट्टीच्या रेषेतला भाग काढायचा आणि तो ज्या बाजूने समोरून येतो ती बाजू पाटीवर लिहायची. आज वारा होता २३० अंश, १४ नॉट. पाटी म्हणाली ०९. पश्चिमेचा वारा ढळढळीत, तरी ०९! कोनाचा फरक ४० अंश, पण संगणकाला ४० दिलं की तो ते रेडियन समजतो. त्याच्या लेखी कोसाइन उणे ०.६७, म्हणून नऊ नॉट पाठीमागून. अंशांचे रेडियन करून दिल्यावर बरोबर आलं: समोरून १०.७ नॉट, बाजूने ९. पाटी म्हणाली २७.

टॉवर आणि वैमानिकाचं बोलणं ऐकलं की लगेच कळेल, असं एकाने सुचवलं. परवान्याशिवाय ते करायचं नाही, म्हणून कान आणि डोळे यांवरच भागवलं.

२९ जून

दोन आठवडे पुतणीने वहीत खुणा केल्या. डोक्यावरून विमान जोर लावून चढत गेलं तर २७, चाकं सोडून आवाज दाबत खाली आलं तर ०९. जोराच्या पश्चिम वाऱ्यात पाटी चुकली नाही. पाच नॉटांच्या आत मात्र पाटी म्हणते २७ आणि विमान आमच्या डोक्यावरून उतरतं. असं वहीत चारदा आहे.

मी पुन्हा प्रोग्राममध्ये चूक शोधायला बसलो, सवयीने. या वेळी चूक सापडेना. वारा मंद असेल तर थोडा पाठीमागून घेऊनही उतरता येतं. मग कुठल्या बाजूला उतरण्याची उपकरणं आहेत, विमान कुठून येतंय, धावपट्टीचं काही काम चालू असल्याची नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) आहे का, हे सगळं बघून टॉवर ठरवतो. मेटारच्या ओळीत चालू धावपट्टी लिहिलेलीच नसते. म्हणून पाच नॉटांच्या आत पाटी आता बाजू सांगत नाही, "दोन्ही शक्य" एवढंच लिहिते. पुतणीला हे आवडलं नाही. तिला उत्तर हवं होतं.

आजवरचा खर्च, दुसरा विनाकारण घेतलेला दाबाचा सेन्सर सोडून: बोर्ड ४५०, पडदा ७५०, खोटा बीएमई ३८०, एसएचटी३१ ३२०, पात्याचा सेन्सर १९०, पाइप, बश्या, स्क्रू आणि चक्राचे फेरे मोजणारा रीड स्विच मिळून ३१०, अ‍ॅडॉप्टर १८०. एकूण २,५८० रुपये. बेअरिंग दुकानातलंच. वेळ दोन महिने, त्यातले आठ दिवस त्या ९३७ पायी.

राहिलेलं काम: स्पेसी आला की छोटी घंटा वाजवायची, आणि बश्यांच्या फटीत मुंग्यांनी घर केलंय ते काढायचं.